संगीतासाठीं व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर : निवड आणि निगा

घरांत एखादी वस्तु आणणें सोपें. ती वर्षानुवर्षें नांदविणें कठीण. शिवणयंत्र असो, भिंतीवरचें घड्याळ असो कीं विहिरीवरचा पंप असो, दुकानांत उभे असतांना आपण गुण विचारतों, किंमत विचारतों, फार तर रंग पसंत करतों. वस्तु बिघडल्यावर दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न मात्र पहिल्या बिघाडाच्या दिवशीं सुचतो. संगीत ऐकण्याच्या यंत्रांविषयीं तर हें विशेषच खरें आहे. कारण तीं घेतांना कान मोहित झालेले असतात, आणि मोहित झालेला कान व्यवहाराच्या गोष्टी ऐकत नाहीं.

अलीकडे पुष्कळ घरांतून व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरची आवड पुन्हां उत्पन्न झाली आहे. आजोबांच्या वेळच्या तबकड्या माळ्यावरून खालीं येऊं लागल्या आहेत, नव्या लाँगप्ले तबकड्याही निघत आहेत, आणि तापल्यावर तांबूस उजळणाऱ्या त्या कांचेच्या नळ्यांतून गाणें कांहीं निराळेंच ऐकूं येतें, असें सांगणारे रसिकही भेटतात. या म्हणण्यांत तथ्य किती, हें आधींच सांगून टाकलेलें बरें. केवळ मोजमापांचा विचार केला तर आजचा साधा ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर अधिक निर्दोष, अधिक शक्तिमान् आणि कितीतरी स्वस्त असतो. व्हॉल्व्हचा, विशेषतः त्याच्या एकेरी जोडणीचा, गुण इतकाच कीं, त्याच्याकडून मूळ स्वरांत जी भेसळ होते ती बहुतांशीं वरच्या सप्तकांतील त्याच स्वराची असते. त्यामुळें ती कानास खटकत नाहीं. उलट आवाज किंचित् भरदार वाटतो. शिवाय शक्तीची मर्यादा ओलांडली असतां तो एकदम फाटत नाहीं, हळूहळू बोथट होतो. ज्यांस हा गुण प्रिय असेल त्यांनीं तो अवश्य घ्यावा. परंतु घेतांना आवाजाच्याही आधीं दुरुस्तीचा विचार करावा, आणि जो ॲम्प्लिफायर आपल्या गांवीं, आपल्या हातांनीं चालता ठेवतां येईल तोच आपला समजावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. तें कां, याचें विवेचन पुढें केलें आहे.

तालुक्याच्या गांवची अडचण

उदाहरणादाखल आमगांव घेऊं. गोंदिया जिल्ह्यांतील हें तालुक्याचें गांव नागपूर-हावडा लोहमार्गावर आहे. १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत तें भंडारा जिल्ह्यांत मोडत असे. जवळचें पदमपूर म्हणजेच भवभूतीचें पद्मपूर, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादिलें, आणि गांवांतील महाविद्यालयासही भवभूतीचेंच नांव आहे. तेव्हां रसिकतेची उणीव येथें नाहीं. उणीव आहे ती व्हॉल्व्ह जाणणाऱ्या कारागिराची. गोंदिया सुमारें २५ किलोमीटरांवर आहे आणि नागपूर सुमारें १५० किलोमीटरांवर. दहाबारा किलो वजनाचा, कांचेच्या नळ्यांचा ॲम्प्लिफायर गाडींतून नागपुरास नेणें, तो तेथें ठेवून येणें आणि पुन्हां आणावयास जाणें, हें एकदां होईल, दोनदां होईल. तिसऱ्या वेळीं तो कपाटावर जाऊन बसेल. त्यावर एक विणलेला रुमाल आणि एक फुलदाणी आली, कीं त्याचा अवतार समाप्त झाला असें समजावें.

ही अडचण पूर्वीं नव्हती. १६ जुलै १९४८ रोजीं आकाशवाणीचें नागपूर केंद्र सुरू झालें. त्या काळीं घरोघर येणारे रेडिओ व्हॉल्व्हचेच असत, आणि व्हॉल्व्ह बदलून देणारा, ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारा मनुष्य लहान शहरींही सांपडे. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्यानें १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह देशांतच काढण्यास प्रारंभ केला. परंतु डिसेंबर १९४७ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत जन्मलेल्या ट्रान्झिस्टरनें पुढील पंचवीस-तीस वर्षांत घरगुती यंत्रांतून व्हॉल्व्हला जवळजवळ हद्दपार केलें, आणि त्याबरोबर तें कसबही ओसरलें. आज चौकाचौकांत मोबाइल दुरुस्त करणारे आहेत. त्यांचा हात कुशल असतो, डाख देण्याची सवय असते, मल्टिमीटरही असतो. त्यांच्यापैकीं एखाद्यास समजेल असाच ॲम्प्लिफायर आपण घेतला, तर नागपूरची वारी टळते. निवडीची खरी किल्ली ती हीच.

व्हॉल्व्ह काय करतो?

ज्याचें काम कळतें त्याची निगा राखणें सोपें जातें. म्हणून थोडें शास्त्र. कांचेच्या नळींतील हवा काढून टाकलेली असते. आंत एक तंतु तापतो व त्याच्या भोंवतींचा कॅथोड हा पत्र्याचा बारीक नळकांडा तापवितो. तापलेल्या कॅथोडमधून ऋण विद्युत्कण बाहेर पडतात आणि समोरच्या धन प्लेटीकडे धांवतात. मध्यें एक तारेची जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात. भाताच्या बांधींत पाणी सोडणाऱ्या पाटावर जसें लाकडी दार असतें, तशी ही जाळी समजावी. दार एका हातानें थोडें वरखालीं केलें तरी पाण्याचा मोठा लोंढा कमीजास्त होतो. त्याप्रमाणें ग्रिडवर आलेला गाण्याचा अगदीं क्षीण विद्युत्संकेत प्लेटीकडे जाणाऱ्या मोठ्या प्रवाहास आपल्या तालावर नाचवितो. व्हॉल्व्ह या शब्दाचा अर्थही झडप असाच आहे. इंग्लंडांत फ्लेमिंग यांनीं १९०४ सालीं दोन अवयवांचा व्हॉल्व्ह केला. अमेरिकेंत डी फॉरेस्ट यांनीं १९०६ सालीं त्यांत ग्रिड घातली. आणि १९२६ सालीं हॉलंडांत फिलिप्स कंपनींतील टेलेगेन यांनीं पांच अवयवांचा पेंटोड तयार केला. आज घरगुती ॲम्प्लिफायरांत शेवटचे काम करणारे पुष्कळ व्हॉल्व्ह याच शेवटच्या कुळांतले.

व्हॉल्व्हकडून येणारा प्रवाह थोडा, पण त्याचा दाब मोठा, २५० व्होल्टांच्या घरांतला असतो. स्पीकरला याच्या उलट हवें असतें : दाब थोडा, प्रवाह अधिक. हा सौदा जुळवून देणारा जो ट्रान्सफॉर्मर असतो त्यास आउटपुट ट्रान्सफॉर्मर म्हणतात. ॲम्प्लिफायरचें वजन, किंमत आणि आवाजाची प्रत हीं मुख्यतः त्यावर अवलंबून असतात. व्हॉल्व्ह बदलतां येतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळाला तर मात्र अर्धा ॲम्प्लिफायर गेला. म्हणूनच स्पीकरच्या तारा जोडल्यावांचून व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर कधींही चालवूं नये, हा पहिला नियम घरांतील प्रत्येकास ठाऊक असावा.

शक्ति किती हवी?

दुकानांत वॉटांचा आंकडा मोठ्यानें सांगण्यांत येतो. येथें फसगत होते. स्पीकरच्या माहितीपत्रकांत, एक वॉट शक्ति दिली असतां एक मीटरावर किती डेसिबल आवाज होतो, हें दिलेलें असतें. शक्ति दुप्पट केली कीं केवळ ३ डेसिबल वाढतात. याचा अर्थ असा : ८६ डेसिबलांच्या स्पीकरला जो आवाज देण्यास १६ वॉट लागतील, तोच आवाज ९२ डेसिबलांचा स्पीकर अवघ्या ४ वॉटांत देईल. दहा बाय बारा फुटांच्या माजघरांत, मुलें अभ्यासास बसलीं आहेत आणि आजी जप करीत आहेत अशा वेळीं गाणें ऐकणाऱ्या कुटुंबास ९० डेसिबलांहून वरच्या स्पीकरबरोबर ३ ते ५ वॉट पुरेसे होतात. म्हणून आधीं स्पीकर ठरवावा आणि मग ॲम्प्लिफायर. शक्ति थोडी चालली, कीं व्हॉल्व्ह थोडे लागतात, उष्णता थोडी होते आणि बिघडण्याजोग्या वस्तूही थोड्याच राहतात.

एकेरी कीं जोडीची, आपोआप कीं हातानें?

शेवटच्या व्हॉल्व्हची जोडणी दोन प्रकारची असते. एकेरी जोडणींत प्रत्येक बाजूस एकच व्हॉल्व्ह सर्व काम करतो. जोडीच्या, म्हणजे पुश-पुल जोडणींत दोन व्हॉल्व्ह आळीपाळीनें ढकलतात व ओढतात. दुसऱ्या प्रकारांत शक्ति अधिक मिळते आणि गुणगुणही बरीचशी आपोआप कटते. परंतु दोन्ही व्हॉल्व्ह सारख्या मापाचे असावे लागतात आणि एक थकला कीं दोन्ही बदलावे लागतात. लहान घरास व लहान खोलीस एकेरी जोडणी पुरते. मोठ्या दिवाणखान्यासाठीं जोडीची हवीच असेल, तर मुलार्ड कंपनीनें १९५४ सालीं प्रसिद्ध केलेल्या दहा वॉटांच्या आराखड्याच्या वंशांतील एखादा ॲम्प्लिफायर घ्यावा. त्याचा नकाशा जगभर उपलब्ध आहे आणि तो वाचूं शकणारे पुष्कळ आहेत.

याहून महत्त्वाचा भेद बायसचा. व्हॉल्व्हमधून विश्रांतीच्या वेळीं किती प्रवाह वाहावा हें ठरविण्यास बायस म्हणतात. एका पद्धतींत हा प्रवाह स्क्रूनें, मीटर लावून, हातानें बसवावा लागतो. तिला फिक्स्ड बायस म्हणतात. नांवावरून ती कायमची बसविलेली वाटेल, पण व्हॉल्व्ह बदलला कीं ती पुन्हां बसवावी लागते, आणि चुकली तर व्हॉल्व्हची प्लेट लाल होऊन तो जळतो. दुसऱ्या पद्धतींत कॅथोडच्या खालीं एक रेझिस्टन्स असतो. प्रवाह वाढूं लागला कीं त्या रेझिस्टन्सवरील दाब वाढतो, ग्रिड कॅथोडच्या मानानें अधिक ऋण होते आणि प्रवाह आपोआप आवरला जातो. हिला कॅथोड बायस किंवा सेल्फ बायस म्हणतात. शक्ति यांत थोडी कमी मिळते खरी. पण घरच्या मनुष्यानें ॲम्प्लिफायर बंद करावा, थंड होऊं द्यावा, जुना व्हॉल्व्ह काढावा, नवा बसवावा आणि गाणें लावावें, इतकी ती सोपी आहे. ज्यांच्या गांवीं कारागीर नाहीं त्यांनीं सेल्फ बायसचाच ॲम्प्लिफायर घ्यावा. या एका बाबतींत तडजोड करूं नये.

कोणता व्हॉल्व्ह?

व्हॉल्व्हचीं नांवें पुष्कळ आहेत आणि कांहींचा लौकिक मोठा आहे. तीनशे-बी हा १९३८ चा अमेरिकन व्हॉल्व्ह रसिकांच्या तोंडीं सदैव असतो; केटी ८८ शक्तीनें मोठा. पण पहिला अतिशय महाग आणि दुसऱ्यास दाब व उष्णता अधिक. आपल्या कामास दोनच नांवें पुरेशीं आहेत : ई-एल ८४ आणि सहा-व्ही-सहा. ई-एल ८४ हा बोटाएवढा, नऊ बारीक पायांचा व्हॉल्व्ह. जुन्या चांगल्या रेडिओंत तो असे, आणि त्या काळचे भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह जुन्या साठ्यांतून आजही मिळतात. सहा-व्ही-सहा हा १९३६ सालचा. त्याचे आठ पाय जाड व मजबूत असल्यानें वारंवार काढघाल सोसतात. दोघेही २५० व्होल्टांवर एकेरी जोडणींत चार-पांच वॉट देतात. त्यांच्या आधीं संकेत वाढविण्याचें काम बहुधा ई-सी-सी ८३ हा लहान व्हॉल्व्ह करतो.

नवे व्हॉल्व्ह आज मुख्यतः रशियांतील सारातोव्ह, स्लोव्हाकियांतील जे-जे आणि चीनमधील कारखान्यांत होतात. १९२० ते १९६० या काळांतील पसारा पाहतां ही संख्या फारच लहान आहे. मार्च १९२२ मध्यें नव्हे, तर अगदीं अलीकडे, मार्च २०२२ मध्यें रशियाच्या निर्यातबंदीमुळें व्हॉल्व्हच्या बाजारांत एकाएकीं टंचाईची भीति पसरली होती. पुढें वाट मोकळी झाली. पण धडा घेण्याजोगा आहे. जो व्हॉल्व्ह एकाच कारखान्यांत होतो त्यावर अवलंबून असलेला ॲम्प्लिफायर घेऊं नये. ई-एल ८४ व सहा-व्ही-सहा एकाहून अधिक देशांत होतात, हीच त्यांची मोठी शिफारस.

झांकण उघडून काय पाहावें?

विक्रेत्यास विनंति करून ॲम्प्लिफायरचें खालचें झांकण उघडून पाहावें. विजेची पिन आधींच काढलेली असावी. व्हॉल्व्हचीं सॉकेटें धातूच्या चॅसीवर स्क्रूनीं बसविलेलीं आणि त्यांस तारा हातानें जोडलेल्या असतील, तर उत्तम. सॉकेटें छापील सर्किटपाटीवर डाखलेलीं असतील, तर व्हॉल्व्हच्या रोजच्या तापण्या-निवण्यानें व काढघालीनें कालांतरानें तेथील डाख तडकतो, आणि असा बिघाड शोधणें कठीण जातें. कंडेन्सर मोकळ्या जागेंत, व्हॉल्व्हच्या उष्णतेपासून दूर असावेत. गोल डब्यांसारखे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर पंधरा-वीस वर्षांनीं सुकतात व बदलावे लागतात. तेव्हां ते बाजारांत मिळणाऱ्या सामान्य मापाचे आहेत ना, हें आजच पाहून ठेवावें.

कांहीं यंत्रांतून ब्लूटूथ, दूरनियंत्रक, रंगीत पडदा अशी नवी सामग्री त्याच पेटींत बसविलेली असते. ती सोयीची वाटते. पण ती आठ-दहा वर्षांत जुनी होते आणि तिचे सुटे भाग मिळत नाहींत. ॲम्प्लिफायर साधा असावा. मोबाइलवरील गाणें ऐकावयाचें असल्यास त्यासाठीं वेगळा लहान डबा जोडावा. तो बिघडला तर फेंकून देतां येतो. व्हॉल्व्हच्या खालीं रंगीत दिवा लावून उजेड पाडलेलीं स्वस्त यंत्रेंही बाजारांत दिसतात. त्यांत पुष्कळदां व्हॉल्व्ह शोभेपुरता आणि काम दुसऱ्याचेंच असतें.

शेवटीं नकाशा मागावा. सर्किटचा नकाशा न देणाऱ्या विक्रेत्याकडून व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर घेणें म्हणजे पत्ता नसलेलें घर विकत घेणें होय. नकाशा मिळाल्यावर त्याची एक प्रत झांकणाच्या आंतल्या बाजूस चिकटवावी आणि ठिकठिकाणीं किती व्होल्ट असावेत तेंही लिहून घ्यावें. उदाहरणार्थ, प्लेटीवर २५० व्होल्ट व कॅथोडखालीं १३५ ओहमचा रेझिस्टन्स असलेल्या एकेरी ई-एल ८४ च्या कॅथोडवर सुमारें ७ व्होल्ट मिळाले, कीं तो व्हॉल्व्ह व त्याचा परिसर ठीक आहे असें समजावें. एवढा आंकडा हातीं असला तर व्हॉल्व्ह पूर्वीं न पाहिलेला तरुण कारागीरही वाट चुकत नाहीं.

विजेचा दाब

आपल्याकडे विजेचा ठरलेला दाब २३० व्होल्ट आहे; तो दहा टक्के खालींवर होणें गृहीतच धरलेलें असतें, म्हणजे २०७ ते २५३. आमगांवच्या भोंवतीं भाताची शेती आणि तांदळाच्या गिरण्या आहेत. पंप व गिरण्या चालूं असतांना दाब उतरतो, आणि रात्रीं भार कमी झाला कीं चढतो. आपण गाणें ऐकावयास बसतों तें बहुधा याच चढत्या वेळीं. परदेशी ॲम्प्लिफायर पुष्कळदां २२० व्होल्टांसाठीं केलेला असतो. त्यास २५० व्होल्ट दिले तर व्हॉल्व्हच्या तंतूस ६.३ च्या ऐवजीं ७.१ व्होल्टांहून अधिक मिळतात आणि त्याचें आयुष्य घटतें. यास्तव २३० किंवा २४० व्होल्टांची जोड असलेला ट्रान्सफॉर्मरच मागावा, आणि दाब फारच हेलकावत असेल तर चांगला स्टॅबिलायझर घ्यावा. जमिनीची तार, म्हणजे अर्थिंग, खरोखर जोडलेलें आहे कीं नाहीं, हें वायरमनकडून आधीं तपासून घ्यावें. पुष्कळ घरांत तिसरें भोंक केवळ शोभेचें असतें.

गुणगुणीची परीक्षा

दुकानांत ऐकावयास जातांना आपल्या आवडीची विलंबित ख्यालाची तबकडी न्यावी. सिनेमाच्या गाण्याच्या गोंगाटांत दोष लपतात. आलापाच्या विरामांत ते उघडे पडतात. वीज सेकंदास ५० आवर्तनें करते, आणि ॲम्प्लिफायरच्या विजेच्या विभागांत ती गाळली जातांना १०० आवर्तनांचा अवशेष उरतो. हा स्वर खर्जांतील पांढरी पांचच्या किंचित् वर पडतो. गायकाचा षड्ज काळी एक आणि गुणगुण पांढरी पांचच्या वर, म्हणजे बैठकींत भलत्याच स्वरांत लावलेला दुसरा तंबोराच बसला म्हणावयाचा. स्पीकरपासून नेहमींच्या बैठकीच्या अंतरावर, आवाजाची कळ निम्म्यावर ठेवून, गाणें न लावतां ऐकावें. त्या शांततेंत गुणगुण ऐकूं आली, तर तो ॲम्प्लिफायर कितीही सुरेख दिसो, घेऊं नये. एकेरी जोडणींत ही परीक्षा अधिकच कसोशीनें करावी.

माळ्यावरचा जुना रेडिओ

घरांत वडिलोपार्जित व्हॉल्व्हचा रेडिओ असल्यास त्याचाच ॲम्प्लिफायर करतां येईल कां, असें पुष्कळ जण विचारतात. मागील बाजूस ग्रामोफोनचें चिन्ह असलेलीं भोंकें असतील तर तसें करतां येतें. पण दोन गोष्टी पाहिल्यावांचून पिन लावूं नये. पहिली अशी, कीं व्हॉल्व्हचीं नांवें ‘यू’ या अक्षरानें सुरू होत असतील, जसें यू-एल ८४, तर त्या रेडिओंत बहुधा विजेपासून वेगळा करणारा ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चॅसी सरळ विजेच्या तारेस जोडलेली असते. तिला मोबाइल किंवा दुसरें यंत्र जोडणें प्राणघातक ठरूं शकतें. असा रेडिओ शोभेस ठेवावा. दुसरी गोष्ट अशी, कीं पन्नास वर्षांचे कंडेन्सर आधीं बदलल्यावांचून ‘लावून तर पाहूं’ म्हणून वीज देऊं नये. गळका कंडेन्सर शेवटच्या व्हॉल्व्हला आणि त्याबरोबर न मिळणाऱ्या ट्रान्सफॉर्मरलाही घेऊन जातो.

वर्षभराची निगा

शेवटचे व्हॉल्व्ह सामान्यतः दोन ते पांच हजार तास चालतात. लहान व्हॉल्व्ह दहा हजार तासही चालतात. रोज दोन तास गाणें ऐकणाऱ्या घरांत वर्षाचे ७३० तास होतात. म्हणजे तीन हजार तासांचा व्हॉल्व्ह चार वर्षें टिकला. ई-एल ८४ चा एकेरी, दोन बाजूंचा ॲम्प्लिफायर ५०-६० वॉट वीज घेतो. रोज दोन तासांप्रमाणें महिन्यास साडेतीन युनिटांच्या आसपास. हा खर्च कोणत्याही घरास जड नाहीं. जड होतो तो निष्काळजीपणा. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात.

भोंवतीं व वर निदान वीतभर मोकळी जागा असावी. पडदा, पुस्तकें, कापडी आच्छादन चालूं असतांना जवळ नसावें. तापलेल्या कांचेस ओलें फडकें लावूं नये. मुलांचीं बोटें आंत जाणार नाहींत अशी जाळी असावी. त्या जाळीनें पावसाळ्यांत पालीही दूर राहतात, आणि विजेच्या यंत्रांत शिरलेली पाल काय करते हें आपणांस सांगावयास नको. दमट हवेंत कंडेन्सर व ट्रान्सफॉर्मर ओल धरतात. म्हणून पावसाळ्यांत आठवड्यांतून दोनदां तरी तासभर ॲम्प्लिफायर चालवावा. ढग गडगडूं लागले कीं बटण बंद करून थांबूं नये, पिन काढून ठेवावी. फ्यूज उडाला तर त्याच मापाचा घालावा. तांब्याची तार गुंडाळून काम चालविण्याची जी आपल्याकडे पद्धत आहे, ती येथें घरास आग लावील.

व्हॉल्व्हकडे पाहण्याची सवय ठेवावी. आंतील तंतूचा तांबूस उजेड योग्य. कांचेवर किंचित् निळी झांक दिसली तर भिण्याचें कारण नाहीं. प्लेटीचा पत्रा लाल झालेला दिसला तर मात्र त्या क्षणीं बंद करावें. कांचेच्या टोंकास आंतून जो रुपेरी आरसा असतो तो दुधासारखा पांढरा झाला, कीं हवा आंत शिरली व व्हॉल्व्ह संपला असें समजावें. एका बाजूस खरखर येऊं लागली, तर यंत्र बंद करून, थंड झाल्यावर, डाव्या व उजव्या बाजूचे सारखे व्हॉल्व्ह अदलाबदल करावेत. खरखर व्हॉल्व्हबरोबर दुसऱ्या बाजूस गेली तर दोष व्हॉल्व्हचा. तेथेंच राहिली तर दोष आंतला. ही परीक्षा घरांतील शाळकरी मुलासही करतां येईल. पण ती वडीलधाऱ्यांच्या देखतच करावी. झांकण मात्र घरच्या कोणीही उघडूं नये. वीज तोडल्यानंतरही कंडेन्सरमध्यें शेंकडों व्होल्टांचा भार कांहीं वेळ शिल्लक राहतो, आणि तो ओळखीदेखीचा विचार करीत नाहीं.

जवळ सुटें सामान थोडेंच लागतें : शेवटच्या व्हॉल्व्हचा एक जोड, एक ई-सी-सी ८३, योग्य मापाचे पांच-सहा फ्यूज आणि नकाशाची दुसरी प्रत. त्याबरोबर एक लहान वही असावी. कोणता व्हॉल्व्ह कोणत्या दिवशीं बसविला, काय बिघडलें आणि कोणीं दुरुस्त केलें, हें तींत लिहावें. एकत्र कुटुंबांत वस्तु सर्वांची असते आणि जबाबदारी पुष्कळदां कोणाचीच नसते. म्हणून ही वही कोणा एकाच्या, शक्य तर घरांतील तरुण मुलाच्या किंवा मुलीच्या स्वाधीन करावी. मूल ती वही चार वर्षें राखील तर त्यास विजेचें जितकें ज्ञान होईल, तितकें परीक्षेच्या पुस्तकानें क्वचितच होतें.

तेव्हां विकत घेण्यापूर्वीं विक्रेत्यास चार प्रश्न विचारावेत. बायस आपोआप होणारा आहे काय? व्हॉल्व्ह एकाहून अधिक कारखान्यांचे मिळतात काय? ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टांचा आहे काय, व तो जळाल्यास दुसरा कोठें मिळेल? नकाशा देतां काय? या चारांचीं उत्तरें समाधानकारक मिळालीं, तर मग आवाज ऐकावा आणि आपल्या कानास विचारावें. उत्तरें मिळालीं नाहींत, तर चांगला ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर घेऊन उरलेल्या पैशांत गाणीं विकत घ्यावींत. त्यांत कमीपणा कांहींएक नाहीं. संध्याकाळीं दिवेलागणीनंतर घरांतील माणसें आपापले मोबाइल बाजूस ठेवून एका ठिकाणीं बसलीं आणि एकच गाणें सर्वांनीं ऐकलें, हें खरें साध्य. ज्या यंत्रानें तें पुढील वीस वर्षें न रुसतां घडेल, तें यंत्र आपल्या घरास योग्य.